दोन इमारती, एकच माल

“दोष तुमचा नाही, ठेकेदार. दोष जमिनीचा आहे,” तपासणीला आलेल्या इंजिनिअरबाई ढिगाऱ्यावरून उतरत म्हणाल्या, आणि ठेकेदारांच्या जिवात जीव आला.

आदल्या दिवशीच्या भूकंपात त्यांची नवीकोरी चार मजली इमारत भुईसपाट झाली होती. अजून कुणी राहायला आलं नव्हतं म्हणून माणसं वाचली. दोन गल्ल्या सोडून, चढावर, तिची जुळी बहीण मात्र ठणठणीत उभी होती. ठेकेदार तेच, नकाशा तोच आणि मालही तोच. म्हणजे दोन्हीकडे सिमेंट तोंडी लावण्यापुरतं आणि सळ्या नकाशातल्यापेक्षा निम्म्या. भेदभाव हा ठेकेदारांचा स्वभावच नव्हता. तुरुंगाच्या धास्तीने त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, तो आता लागणार होता.

“इथे पूर्वी तळं होतं. भराव टाकून बुजवलंय,” बाई म्हणाल्या. “बादलीला धक्का दिला की बादली थांबते, आतलं पाणी डुचमळत राहतं. मऊ मातीचं तसंच, ती हादरा वाढवते. वरच्या इमारतीखाली कातळ आहे. तरी हादरा अगदी जवळून आला तर कातळावरच्या घरांचीही धडगत नसते. तिथे बांधकामच कामी येतं. ते तर तुमचं चोख दिसतंय.”

“आमचं काम म्हणजे काय, बाई,” ठेकेदार नम्रपणे म्हणाले. नम्रता त्यांना स्वस्त पडत असे.

दुपारी वरच्या इमारतीच्या रहिवाशांनी त्यांना अंगणात खुर्ची दिली, चहा दिला. बाई चार शब्द कौतुकाचे बोलल्या, टाळ्या पडल्या. लोकांनी सिमेंटला उगाच डोक्यावर चढवून ठेवलंय, असं ठेकेदारांना मनापासून वाटू लागलं.

तेवढ्यात त्यांची लेक आली. कडेवर वर्षाची नात होती.

“बाबा, इथलं तळमजल्यावरचं घर घेतोय आम्ही. उद्याच सामान आणतो. सगळीकडे घबराट आहे, पण तुमच्या हातच्या घरात मला शांत झोप लागेल.”

पुन्हा टाळ्या पडल्या. नात आजोबांकडे झेपावली. तिला घेऊन ठेकेदारांनी वर पाहिलं. त्या खांबांत काय आहे आणि काय नाही, हे तिथे एकट्या त्यांनाच ठाऊक होतं. इंजिनिअरबाई शेजारीच बसल्या होत्या. सगळे ऐकत होते.

“इथे राहायला येऊ नकोस, पोरी,” ते म्हणाले. “हे मी बांधलंय.”