शर्ट कोणत्या रंगाचा?

"शर्ट कोणत्या रंगाचा हाय, मावशी?" बाजारात पुकारा करणाऱ्या हनुमंतने माईकवर हात ठेवून पुन्हा विचारलं.

साराच्या तोंडचं पाणी पळालं. सकाळी नवऱ्याच्या अंगात शर्ट तिनेच चढवला होता, गुंड्याही तिनेच लावल्या होत्या. आता डोळ्यांपुढे गुंड्या येत होत्या, पण रंग काही केल्या येत नव्हता.

घोडेगावचा जनावरांचा बाजार ऐन भरात होता. शेळीचे दात बघायला ती वाकली, तेवढ्यापुरता नवऱ्याचा, शांतवनचा, हात सुटला, आणि मागे वळते तर माणूस नाही. पलीकडे हायवे, त्यावर सुसाट ट्रक. शांतवनला आताशा स्वतःचं नाव धड सांगता येत नसे, मग गावाचं कुठून सांगणार? नाताळपासून तर तो तिलाही 'बाई' म्हणायचा. परक्या घरी पाणी मागावं तसं, अगदी अदबीने. त्या अदबीनेच तिचा जीव तुटायचा.

"आकाशी," ती एकदम म्हणाली. "आकाशी शर्ट हाय."

हनुमंतने पुकारा केला. बाजारात आकाशी शर्टांना काय तोटा? लोकांनी एक व्यापारी दाखवला, एक टेम्पोवाला दाखवला, झाडाखाली घोरणारा एक दारुडासुद्धा दाखवला. दर वेळी सारा धावत गेली आणि पाय ओढत परत आली. रस्त्यावर कुणी करकचून ब्रेक दाबला की ती डोळे मिटून घ्यायची. उघडायची हिंमत व्हायची नाही.

शेवटी हनुमंतचा मोबाईल वाजला. त्याने ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"पान्याच्या हौदापाशी एक म्हातारा बसलाय. पन त्याचा शर्ट पिवळा हाय. तुमचे मालक न्हवं."

पिवळा. सारा दचकली. गुंड्या लावताना हाताखाली कापड पिवळंच तर होतं. मग आकाशी आला कुठून? सुप्याच्या कारखान्यात शांतवन निवृत्त होईपर्यंत आकाशी शर्ट घालून जायचा. तोच तिने रोज धुतला, तोच वाळत घातला. घाबरलेल्या मनाने हाताला लागला तो रंग काढून दिला होता.

"त्येच असतील. मला तिकडं न्या."

"अवो न्हाई, मावशी. त्यो बायकोला हुडकतोय. ती पांढऱ्या साडीत हाय म्हनतो." हनुमंतने तिच्या जांभळ्या साडीकडे पाहिलं आणि तो हसला. "नवरा जिता असताना पांढरी साडी कोन नेसतं? डोकं फिरलंय म्हाताऱ्याचं."

साराने माईकच्या टेबलाची कड घट्ट धरली. तिला रडू आवरेना.

"त्येच आमचे हे," ती म्हणाली. "आमच्या ख्रिस्ती लोकांत लग्नात नवरीला पांढरी साडी नेसवत्यात."