चंदेरी मुंडकं

गच्चीच्या कठड्यावर रंगवलेले प्लॅस्टिकचे चमचे ओळीने वाळत पडले होते, आणि त्यातला एकही म्हाताऱ्याला पटला नव्हता. "हे माझं नाही," प्रत्येक चमच्याला त्याचं एकच पालुपद.

त्याला हवं होतं मुंडकं. तरुणपणी एका सिनेमात तो यंत्रमानव झाला होता, नखशिखांत पत्र्यात. आता बाकी सगळं विसरला तरी शूटिंगची वेळ झालीय, हे काही त्याच्या मनातून जात नव्हतं. उठला की सुरू, "बाई, माझं मुंडकं कुठं ठेवलंत?" नवा पोस्टमन हे ऐकून दोन-दोन पायऱ्या एकदम उतरून पळाला होता.

बाई म्हणजे त्याची बायको. त्याच सिनेमाच्या कपडेपटात ती शिवणकाम करायची आणि कायम दातांत टाचण्या धरून बोलायची, म्हणून तो तिला टाचणी म्हणायचा. लग्न झालं, लेक झाली, केस पिकले, तरी टाचणीच. गेल्या हिवाळ्यात ती अचानक बाई झाली. आज दुपारी लेक गाडी घेऊन येणार होती. ज्या संस्थेत त्याला ठेवायचं होतं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, की तो रुळेपर्यंत घरच्यांनी भेटायला येऊ नये. रुळेल म्हणजे उरलेलंही विसरेल, हे न कळण्याइतकी म्हातारी भोळी नव्हती. जाण्याआधी एकदा, फक्त एकदा, त्याच्या तोंडून टाचणी ऐकायचं होतं तिला.

म्हणून तर तिने दुकानांतले पुतळे बनवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला गळ घालून, जुन्या पोस्टरवरून फायबरचं मुंडकं घडवून घेतलं होतं. आकार हुबेहूब साधला होता. राहिला होता रंग, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं.

रंगाच्या दुकानदाराने तिला आधीच बजावलं होतं, की चंदेरी म्हणून एक रंग नसतो. झाकणावर दिसतो तोच डब्यातून निघेल याचा भरवसा नाही, तेव्हा आधी चमच्यावर मारून बघा. क्रोम, म्हणजे आरशासारखा चंदेरी, मारायचा तर खाली चकचकीत काळा हात द्या. आणि वाळेपर्यंत बोट लावू नका, नाहीतर आरसा जाऊन राख उरेल.

अॅल्युमिनियम रंग अगदी चहाच्या पातेल्यासारखा दिसला. पोलाद काळवंडला. जुनी चांदी पोस्टरशेजारी धरली तर पिवळी पडली. शेवटी तिने मुंडक्यालाच काळा हात दिला, आणि तो वाळल्यावर श्वास रोखून क्रोमचा फवारा मारला. मुंडकं असं उजळलं की त्यात तिचंच तोंड दिसायला लागलं, नाक हे एवढं आणि कपाळ इवलंसं. अगदी पोस्टरवरचा रंग. तेवढ्यात खाली गाडीचा हॉर्न वाजला.

कडांना धरून तिने मुंडकं त्याच्या खुर्चीपाशी नेलं. "अहो, बघा. हेच ना?"

परक्याच्या घरी एखादी वस्तू दाखवल्यावर बघावं, तसं त्याने ते नीट, अदबीने पाहिलं. "छान आहे," तो म्हणाला. "पण हे माझं नाही, बाई."

तिचा धीरच सुटला. जिन्यात लेकीच्या चपलांचा आवाज येत होता. आता कसला आरसा आणि कसली राख. "मग घालून तरी बघा," असं म्हणत तिने ओल्या रंगासकट मुंडकं त्याच्या डोक्यावर दाबून बसवलं. तिची दहाही बोटं त्यावर उमटली. हनुवटीखालच्या पट्ट्याला बक्कल लावायचं राहून गेलं होतं. जुन्या सवयीने तिने खांद्याला टोचलेली टाचणी काढली, दातांत धरली आणि पट्टा ओढायला त्याच्यासमोर वाकली. डोळ्यांच्या जागी एक आडवी फट होती, तिच्या नाकाच्या अगदी समोर.

"टाचणे," आतून आवाज आला, "सैल ठेव गं जरा. काल कान सोलवटला माझा."

तिचे हात पट्ट्यावर तसेच राहिले. काही बोलले तर हे फुटेल, अशी भीती तिला वाटली.

"बाहेरून फार चमकतं म्हणतात," तो आतून सांगत होता. "मला काय माहीत? मला इथून तू तेवढी दिसतेस."

म्हातारी रडायला लागली. आणि मग मोह झाला. ज्या तोंडाने तो हे बोलला ते तोंड तिला बघायचं होतं. तिने दातांतली टाचणी हातात घेतली आणि मुंडकं वर उचललं.

खाली चपटे झालेले केस, गालाला लागलेला चंदेरी डाग, आणि तीच अदबीची नजर.

"बाई," तो म्हणाला, "माझं मुंडकं कुठं ठेवलंत? शॉट लागलाय."

लेक दारात येऊन उभी होती. बाबांची बॅग तिने उचलली होती आणि गाडीवाला खोळंबलाय असं ती हळूच सांगत होती. म्हातारीने ते ऐकलंही नसावं. तिने टाचणी पुन्हा दातांत धरली आणि मुंडकं त्याच्या डोक्यावर ठेवलं.

तिघं जिना उतरू लागली. बॅग घेऊन लेक पुढे. सगळ्यात मागे यंत्रमानव, एकेक पायरी चाचपत. आणि त्याचे दोन्ही हात धरून, त्याच्याकडे तोंड करून, म्हातारी उलट्या पावलांनी उतरत होती.

"आई, वळून चाल, पडशील," लेक म्हणाली.

म्हातारीने फटीवरची नजर काढली नाही.