मुखत्यारी

"तुम्ही मध्ये बोलायचं नाही," नोंदणी अधिकारी बाई मुलाला म्हणाल्या. "जे काय सांगायचं ते आजींना सांगू दे."

मुलाने खुर्ची मागे घेतली. पन्नाशी उलटलेला माणूस, पण वर्गात बाकावर उभं केल्यासारखा चेहरा झाला होता. गेलं वर्षभर आईच्या वतीने तोच बोलत होता. बँकेत, दवाखान्यात, तिच्या लाँड्रीत. आईला झटका आला तेव्हा तिचा उजवा हात आणि वाचा एकाच सकाळी गेली. पुढे मान डोलवून हो-नाही सांगता यायला लागलं, तेवढ्यावर तिने त्याच्या नावाने मुखत्यारपत्र करून दिलं. तिच्याऐवजी त्याने ठरवायचं, तिच्याऐवजी त्याने सही करायची. त्या दिवसापासून त्याच्या जिवाला घोर लागला. धाकटी बहीण फोनवर म्हणायची, "आई असती ना, तर तिने असं केलं नसतं." आई शेजारच्याच खोलीत असायची. पण बहिणीचं म्हणणं त्यालाही पटायचं.

आज आई ते मुखत्यारपत्र रद्द करायला आली होती.

"हे तुमचे कोण?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"माझा मोठा," आई म्हणाली. शब्द जड होते, पण कळत होते. "डोक्याला ताप."

कोपऱ्यातला कारकून हसला. अधिकारी बाई हसल्या नाहीत.

"मुखत्यारपत्र का रद्द करायचंय? यांनी काही फसवाफसवी केली? कुणी तुमच्यावर दबाव आणलाय?"

वकिलाने एक वाक्य लिहून दिलं होतं. प्रकृती सुधारल्यामुळे माझे सर्व व्यवहार मी स्वतः पाहणार आहे. आठवडाभर ती स्वयंपाकघरात ओट्याला धरून तेच घोकत होती. काल रात्री तर न अडखळता म्हणून दाखवलं होतं.

"प्रकृती," आईने सुरुवात केली. "प्रकृती... सु... सु..."

गाडी तिथेच अडली. ती पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागली आणि पुन्हा तिथेच थांबली. पुढचा शब्द मुलाच्या अगदी ओठांवर आला होता. त्याने ओठ घट्ट मिटून घेतले.

अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं. "राहू दे, आजी. आज जमत नसेल तर पुन्हा कधीतरी या. काही घाई नाही."

आईने डाव्या हाताची थाप टेबलावर मारली.

"अहो, आता मी आहे ना!"

अधिकारी बाईंनी पेन उचललं आणि काहीतरी लिहिलं. मग त्यांनी जरा मऊ आवाजात विचारलं, "यांनी वर्षभरात तुमच्या नावाने जे व्यवहार केले, ते तुम्हाला मान्य आहेत?"

आईने मान वळवून मुलाकडे पाहिलं.

लाँड्रीच्या मागच्या खोलीतला बॉयलर त्याने विकला होता. तो आईने स्वतः निवडून आणलेला, त्याच्या वाफेने भाजल्याचा डाग तिच्या मनगटावर अजून होता. ती अंथरुणाला खिळल्यावर तो हाताळणारं कुणी उरलं नव्हतं, एकदा तर फुटता फुटता वाचला. हे सगळं त्याने तिला सांगितलं होतं. पण वाचा परत आल्यापासून आईने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता, आणि त्याची विचारायची छाती झाली नव्हती.

"बॉयलर विकला," आई अधिकारी बाईंना म्हणाली. "मूर्खपणा."

"मग? मान्य नाही असं लिहू?"

आई बराच वेळ शब्द शोधत राहिली.

"विचारणार कुणाला?" ती म्हणाली. "मीच पडलेली." मग समोरच्या कागदाकडे बोट दाखवत म्हणाली, "मान्य. सगळं मान्य. लिहा."

मुलाने खिडकीकडे तोंड फिरवलं.

अंगठा चालेल, असं कारकून म्हणाला. "सही," आई म्हणाली. मुलाने कागद धरून ठेवला. पेन हातातून दोनदा निसटलं, अक्षरं उतारावरून घसरल्यासारखी खाली गेली, पण सही पूर्ण झाली.

परतताना टॅक्सीत आईचं तोंड सुटलं. बॉयलर घेतला तरी कोणी? कपड्यांवर खुणेच्या चिठ्ठ्या कोण टाचतं हल्ली, शर्ट याचा त्याला का जातो? आणि स्वयंपाकघराला तो खोकल्याच्या औषधासारखा गुलाबी रंग काढायचं कुणाच्या डोक्यातून निघालं? मध्येच शब्द अडायचा, ती थांबायची, हाताला लागेल तो दुसरा शब्द घेऊन पुढे जायची.

"हो," तो म्हणत होता. "चुकलंच. उद्या बघ तू."

इतक्या हक्काने त्याला वर्षभरात कुणी झापलं नव्हतं. त्याने पाय लांब केले. सीटवर मान टेकली. पडद्यांपर्यंत विषय आला तेव्हा "आखूड झाले, खरंय" एवढं तो पुटपुटला. त्यानंतर उत्तरं येईनाशी झाली.

आईने वळून पाहिलं. त्याचं विरळ केसांचं डोकं कलंडत कलंडत तिच्या खांद्यावर येऊन टेकलं होतं. तोंड किंचित उघडं होतं.

"साहेब, पुढे कसं घेऊ?" चालकाने विचारलं.

आईने खांदा जराही हलू दिला नाही.

"डावीकडे," ती हलक्या आवाजात म्हणाली. "आणि सावकाश घ्या. माझं पोर झोपलंय."