चार तांदूळ आणि एक खडा

ठाण्याच्या सेशन कोर्टात न्यायाधीशाचा हुद्दा मोठा की पंचांचा शब्द मोठा, असा जो बिकट प्रश्न एके दुपारी उभा राहिला, त्याची हकीकत येथे यथामति निवेदन करितो. वाचकांनी ती स्वस्थ चित्ताने वाचावी.

"दोषी नाही," असे कॉस्मास परेरा याने दुसऱ्यांदा सांगितले, आणि जज्जसाहेबांचा गोरा चेहरा लाल झाला.

कॉस्मास हा ठाण्याचा ख्रिस्ती मिठागरवाला. कोर्टात ज्यास ज्यूरी म्हणत, त्या पाच पंचांचा तो मुख्य होता. ज्यूरीची पद्धत जिल्ह्यात येऊन तेव्हा फार वर्षे लोटली नव्हती. समोरच्या पिंजऱ्यात डोंबिवलीच्या खाडीकाठचा दगडू आगरी हात जोडून उभा होता. मीठ खात्याच्या शिपायाने जप्त केलेले मीठ त्याने शिपायाचे डोके फोडून परत नेले, असा त्याजवर आरोप होता. साक्षीदार काय तो तो शिपाईच.

साहेबांनी पंचांस एकदा खोलीत परत धाडून पाहिले होते. निकाल तोच आला. चौघे सुटकेच्या बाजूस, एक शिक्षेच्या. तेव्हा शिरस्तेदार त्र्यंबकराव यांच्या मुखाने साहेबांनी फर्माविले की, तो एक शहाणा गृहस्थ कोण, त्याने उभे राहावे. त्याचे मत आपल्या मतास जोडून प्रकरण हायकोर्टाकडे पाठवू, मग हा दगडू सुटत नाही. उभ्या राहणाऱ्याची सरकारदरबारी कदर होईल, हेही सांगावयास ते विसरले नाहीत.

कोणी उभे राहिले नाही.

कॉस्मासने खुलासा केला की, गावकीत होते तसेच खोलीत झाले. लोट्यावर फडके घातले. ज्याला माणूस सोडावा वाटला त्याने तांदूळ टाकला, ज्याला धरावा वाटला त्याने खडा. चार तांदूळ निघाले, एक खडा. खडा कोणाचा, हे विचारण्याची गावात रीत नाही.

कोर्टात खसखस पिकली. साहेब मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, मग आपण एकेकास शपथेवर विचारतो. चौघे "मी नव्हे" म्हणाले की पाचवा आपोआप हाती लागेल, हे कॉस्मासने तत्काळ ताडले. शेजारचे भुसारवाले गणूशेठ तर अर्धे उठलेही होते. कॉस्मासने त्यांचा अंगरखा धरून खाली ओढले.

"बसा, गणूशेठ. एका हाताने धोतर सांभाळा, दुसऱ्याने तोंड."

त्र्यंबकराव लगबगीने जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "परेरा, हा कसला हट्ट? मिठागराचा परवाना सरकारच्या हातात आहे. साहेब तुम्हाला आत टाकतील, आणि मला नुसतं बघत बसावं लागेल."

"मग बसा बघत," कॉस्मास म्हणाला, आणि साहेबांकडे वळला.

"साहेब, खोलीत गेलो तेव्हा आम्ही पाच होतो. बाहेर आलो ते एक होऊन आलो. आज तुम्ही आमच्यातला एक फोडलात, तर उद्या या बाकावर बसणारा माणूस आरोपीकडे बघणार नाही, तुमच्या तोंडाकडे बघेल. मग पंच हवेत कशाला? परवाना घ्या. मला तुरुंगात घाला. पण नाव मिळणार नाही."

दोरी ओढणारा गडी दोरी ओढावयाचे विसरला आणि छतावरचा पंखा थांबला. एकामागून एक चौघेही पंच कॉस्मासच्या पाठीशी उभे राहिले. सर्वांत शेवटी गणूशेठ, धोतर सावरीत.

साहेबांनी बराच वेळ टाक हातात धरिला. अखेर त्यांनी दगडूच्या सुटकेचा हुकूम लिहिला, आणि परेराच्या परवान्याविषयी कलेक्टरास कळविण्यात येईल, असे बजावून ते उठून आत गेले.

बाहेर आवारात दगडूने कॉस्मासचे पाय धरिले. "शेठ, तुमी होते म्हून मी घरा चाललो," एवढेच त्याच्याने बोलवले. कॉस्मासने पाय मागे घेतले आणि त्यास नीट घरी जाण्यास सांगितले. तो अभागी खडेवाला कोण असावा, याविषयी गणूशेठ मोठमोठ्याने तर्क लढवीत होते. कॉस्मास मिठागराच्या वाटेस लागला. ते मिठागर पुढील हंगामास आपले असेल की नाही, हे त्यास ठाऊक नव्हते. एक गोष्ट मात्र त्यास पक्की ठाऊक होती: लोट्यातला खडा त्याचा स्वतःचा होता, आणि शिपायाचे डोके दगडूनेच फोडले, याविषयी त्याच्या मनात अद्यापही तिळमात्र संशय नव्हता.

येथवर वाचण्याचे श्रम ज्यांनी घेतले, त्या सर्वांचा अंतःकरणपूर्वक ऋणी,
गुरुदत्त लक्ष्मण चेंदवणकर, मुक्काम कल्याण.