मीटरबाहेरचा दिवा

जिंकला तर लहानूला एक टेबलफॅन मिळणार होता. तोही शेठजींच्या हापिसातला, वापरलेला, जाळी एका बाजूनं चेपलेली. हरला तर उन्हाळाभर पंख्याचं नावही काढायचं नव्हतं. कामठी रोडवरच्या काच कारखान्याचे मालक ताराचंदशेठ यांनी ही पैज हसत हसत लावली होती.

मे महिना होता. सोमवारी कामावरची सिंधूताई भट्टीसमोर चक्कर येऊन पडली, तेव्हा लहानूनं पंखा मागितला. शेठजींनी भिंतीवरच्या मीटरकडे बोट दाखवलं. "त्याची चकती फिरली का माह्यं डोकं फिरते. मीटरबाहेर एक दिवा लावून दाखव, माहा पंखा घेऊन जाय."

लहानू काच फुंकणारा. लांब नळीच्या टोकाला तापलेला फुगा असला की नळी आपोआप गाते, हे तो वीस वर्षं ऐकत आला होता. त्यानं भंगारातली लोखंडी नळी घेतली, एक टोक बुजवून धुराड्यात खुपसलं, आत तारेची घासणी कोंबली, बाहेरच्या भागावर ओलं पोतं गुंडाळलं. तोंडाशी रेडिओचा स्पीकर बांधला आणि स्पीकरला टॉर्चचा बल्ब जोडला.

"माही घासणी गेली," सिंधूताई नळीला म्हणाली. "आता लाज राख माय."

"दम धर ना वं. तापून राहिली," लहानू म्हणाला.

नळी घुमायला लागली. आधी भुंग्यासारखी, मग अशी की छपराचे पत्रे थरथरले.

शेठजींच्या कानाला एवढंच कळायचं, घूं घूं म्हणजे पंखा आणि पंखा म्हणजे मीटर. ते धोतर सावरत धावत आले. "चोरून पंखा चालवून राहिले काय बे?" कोणी तोंड उघडायच्या आत त्यांनी मेन स्विच खाली ओढला.

शेडमधले दिवे गेले. हापिसातला पंखा थांबला. सिंधूताईनं भट्टीचं दार पायानं लोटलं, तसा बिनखिडकीच्या पत्र्याखाली भर दिवसा अंधार झाला.

नळी गातच होती. तिच्या तोंडाशी करडईच्या फुलाएवढा, पिवळा बल्ब जळत होता.

शेठजींनी बल्बाकडे पाहिलं. स्विचकडे पाहिलं. पुन्हा बल्बाकडे.

"हे काहून जळून राहिलं गा?"

"धुराड्यातून फुकट जाणारी आच हाय शेठजी. आचेनं नळी गाते, गाण्यानं स्पीकरचा पडदा हालते. बाकी सायकलच्या डायनॅमोवानी." लहानूनं घाम पुसला. "अन् मेन तुमीच बंद केला. म्या कोणाले साक्षीले बोलवू?"

मेन पुन्हा वर झाला. पंखा पोरांनी नाही, कारखान्यातल्या बायांनी आणला, मिरवत. सिंधूताई खोक्यावर पाय पसरून समोर बसली आणि तिचा पदर निशाणासारखा उडायला लागला.

हिशोब सरळ होता. आच वाया जाणारी, नळी भंगारातली, घासणी सिंधूताईची. पंखा शेठजींचा आणि आता तो ज्या मीटरवर फिरत होता तेही शेठजींचंच.

राहिला स्पीकर. संध्याकाळच्या बातम्यांच्या वेळी शेठजी पुठ्ठ्यानं वारा घेत हापिसात बसले आणि रेडिओचं बटण पिळलं. मग आणखी पिळलं. मग रेडिओ उचलून त्यांनी त्याची मागची बाजू पाहिली.

हापिस रोज सिंधूताईच झाडायची.