रसभंग

काकांची जुनी कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवता उतरवता फीत मशीनमध्येच तुटली, पण तोवर काम झालं होतं. दुकानदार हौशी; सांगितलं त्याहून दोन कामं जास्तच करणारा.

"आवाज बघा काका, कसा खणखणीत! खरखर काढलीच, शिवाय मधेमधे कुणी बाई 'अहो, पुरे आता, जेवायला चला' करत होती. नुसता रसभंग! तिलाही पार पुसून टाकलं. आधीची फाइलसुद्धा उडवली, उगाच जागा कशाला अडवायची?"

काका तळहातावरच्या पेनड्राइव्हकडे बघत राहिले.

"गाणारे कोण होते हो, काका?"

"मीच," काका म्हणाले. "गाणारा अजून जिवंत आहे रे."