आईच्या कपाटाचा रंग

लोरेटाने मेणाचा शेवटचा हात फिरवला आणि दोन पावलं मागे सरकली. व्हर्माँटमधल्या तिच्या कोठारात आता दोन हिरवी कपाटं शेजारी शेजारी उभी होती. एक आईचं. दुसरं तिने केलेलं.

नव्या लाकडाला जुनं करणं हाच तिचा धंदा. आधी तपकिरी रंग. मग जिथे माणसाचा हात लागतो त्या कडांवर मेणबत्ती घासायची, वर हिरवा द्यायचा. वाळल्यावर घासलं की मेणावरचा हिरवा निघून येतो आणि खालचा तपकिरी डोकावतो. तिने केलेली खुर्ची पणजीच्या लग्नातली वाटते, असं लोक म्हणत. पण घरात खरोखर जुनी अशी एकच वस्तू होती, आणि ती आईने जाताना धाकट्या बहिणीला, विनीला दिली. "मोठीला काय, ती करून घेईल तसलंच," असं म्हणाली होती म्हणे.

दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला विनी त्या कपाटातून बशा काढायला लागली की लोरेटा ताटावरून नजर उचलायची नाही. यंदा पाय डुगडुगतो म्हणून विनीनेच ते दुरुस्तीला पाठवलं होतं.

दुपारी लोरेटाने स्वतः केलेलं कपाट ट्रकवर चढवलं आणि विनीच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं.

विनीने पाय हलवून पाहिला. खूश झाली. बशा लावू लागली. मग खालच्या कप्प्यासाठी वाकली ती वाकलेलीच राहिली.

"लोरेटा, इथले ओरखडे कुठे गेले?"

लोरेटाने ते पाहिले होते. गुडघ्याच्या उंचीवर, आडवे, खोल. तिथे कुणाचा हात जात नाही. हलवताना आपटलं असेल कुणीतरी, असं समजून तिने ते आपल्या कपाटावर उतरवलेच नव्हते.

"बुजवले. वाईट दिसत होते."

"आईच्या चाकाच्या खुर्चीचे होते गं. रोज सकाळी साखर घ्यायला यायची आणि धाडकन आदळायची. मी ओरडले की हसायची." विनीने त्या जागी अंगठा फिरवला. "जाऊ दे. तुला कुठून माहीत असणार? तू कुठे होतीस इथे!"

बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर लोरेटाला उलट उत्तर तरी देता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक पुन्हा विनीच्या दारात उभा राहिला. विनी गाऊनवरच बाहेर आली. तिने ट्रकमधलं कपाट पाहिलं. वळून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. पुन्हा ट्रककडे.

"पाय खरंच दुरुस्त केलाय," लोरेटा म्हणाली. तिने ट्रकची मागची फळी खाली सोडली.

विनी ट्रकच्या मागच्या बाजूला गेली. मग तिने बाह्या सरसावल्या आणि कपाटाचा दोर सोडायला घेतला.

"धर तिकडून. आणि जाताना तुझं घेऊन जा." गाठ सुटत नव्हती. ती वर न बघताच म्हणाली, "रंग छान उतरलाय."